माकडाचा माणूस होताना पाहिला कोणी?

जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या एका वैदिक संमेलनात, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, कोणी सांगितलेलंही नाही. म्हणून डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत चुकीचा आणि तो शाळा-कॉलेजातून काढायला हवा. मंत्री मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, साक्षीदार मागायची सवय अंगवळणी पडलेली असणार. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून विरोध केला, चार दिवस खडाजंगी झाली आणि विषय मागे पडला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ एवढंच उरलं. उत्क्रांतीचा मजकूरही गेला.

मला त्या वाक्यातली गंमत वेगळीच वाटते. कोणी पाहिलं नाही, हे खरंच आहे. कारण त्या पद्धतीने पाहण्यासारखं काही घडलंच नाही. एका माकडिणीला एके दिवशी माणसाचं बाळ झालं, असं उत्क्रांतीचा एकही अभ्यासक म्हणत नाही. मग प्रजाती बदलते म्हणजे नेमकं काय होतं?

हे समजायला मराठी माणसाच्या हाताशी एक चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे मराठीच. सातवाहन राजा हाल याच्या गाथा ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहेत, ती आपल्याला भाषांतराशिवाय कळत नाही. शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची ज्ञानेश्वरी खालच्या टीपा बघत बघत कळते. आजोबांची जुनी पत्रं सरळ वाचता येतात. आता सांगा, प्राकृतातलं शेवटचं वाक्य कोणत्या आईने उच्चारलं, आणि मराठीतलं पहिलं वाक्य तिच्या कोणत्या लेकराने? अशी आई झाली नाही आणि असं लेकरूही नाही. प्रत्येक पिढीतल्या आईला आपल्या पोराची भाषा कळत होती. फार तर ‘हल्लीची पोरं कशी बोलतात’ म्हणून ती कुरकुरली असेल. तरीही दीड-दोन हजार वर्षांच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा उभ्या आहेत.

माणसाचंही तसंच. आपली आणि चिंपांझीची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर अडीच लाखांच्या आसपास पिढ्या झाल्या. त्यातलं प्रत्येक लेकरू आपल्या आईच्याच प्रजातीचं होतं. ‘पहिला माणूस’ कोण, हा प्रश्न ‘मराठी बोलणारा पहिला माणूस कोण’ इतकाच निरुत्तर आहे.

इथे शब्दांबद्दल थोडं. मराठी विश्वकोशात ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ या वर्गीकरणाच्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वर्तमानपत्रांनी दोन्ही कालवून ‘प्रजाती’च रूढ केला, मीही तोच वापरतो. ‘जात’ या शब्दाकडे शेवटी यायचंच आहे. आणि ‘माकड’ म्हणताना आपण वानर, लंगूर, चिंपांझी, गोरिला सगळ्यांना एकाच गोणीत कोंबतो. चिंपांझी आणि गोरिला हे शेपूट नसलेले कपी. आपणही त्यांच्यातलेच. चिंपांझी हा आपला पूर्वज नाही, चुलत भाऊ आहे. त्यामुळे ‘माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी उरली’ हा प्रश्न ‘मी आजोबांपासून झालो तर माझा चुलत भाऊ अजून कसा जिवंत’ असं विचारण्यासारखा आहे.

पण एक भाषा हळूहळू बदलत जाणं वेगळं आणि एकीच्या दोन होणं वेगळं. दोन होण्यासाठी आधी बोलणं तुटावं लागतं. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि त्यांच्याबरोबर मराठी तिकडे रुजली. तिथल्या घरांत ती आजही बोलली जाते. पण साडेतीनशे वर्षं शेजारी तमिळ होती, पुणं नव्हतं. पुण्यात जे नवे शब्द आले ते तिकडे पोचले नाहीत, तिकडे जे वळण पडलं ते इकडे कळलं नाही. भाषा मुद्दाम कोणी बदलली नाही. दोन्हीकडे ती आपापली बदलत राहिली, आणि बदलांची देवाणघेवाण थांबली, एवढंच.

प्राण्यांमध्ये ही देवाणघेवाण म्हणजे जोडीदार निवडून पिल्लं होणं. आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी राहतात, दक्षिणेला बोनोबो. दोघांनाही पोहता येत नाही. त्यांचा समान पूर्वज १० ते २० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची काही लेकरं नदीच्या या तीरावर राहिली, काही त्या. आज चिंपांझींच्या टोळीत नरांची दांडगाई चालते, बोनोबोंमध्ये माद्यांचं राज्य असतं. नदीने यातलं काहीही घडवलं नाही. तिने फक्त सोयरीक थांबवली.

बदल येतात कुठून? प्रत्येक बाळ आई-बापांत नसलेले साधारण ६०-७० नवे बदल आपल्या डीएनएत घेऊन जन्मतं. नक्कल करताना राहिलेल्या चुका म्हणा ना. शास्त्रीय शब्द उत्परिवर्तन. त्यातले बहुतेक ना अध्यात ना मध्यात. काही घातक, काही थोडे उपयोगी. उपयोगी बदल असलेल्यांची पिल्लं जास्त जगतात आणि तो बदल पसरतो. ही झाली नैसर्गिक निवड. कळप लहान असेल तर एखादा बदल निव्वळ नशिबानेही पसरतो. गावात चारच घरं असतील तर एका घराचं आडनाव काही पिढ्यांत अख्ख्या गावाचं होऊ शकतं, तसं.

यातून दोन कळप ‘वेगळे’ कधी होतात? जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये केलेली व्याख्या अजून शाळेत शिकवतात: ज्यांची आपसांत जननक्षम संतती होते ती एक प्रजाती. घोडा आणि गाढवीण, किंवा गाढव आणि घोडी, यांना पिल्लू होतं, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. घोड्याची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या, ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ६३. बीजपेशी बनवताना त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत.

गुणसूत्रांची संख्या सारखी असूनही संकर बिघडतो, आणि तो प्रकार जास्त मजेशीर आहे. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. संस्कृतातून तो मराठीत आला आणि इथे त्याचा अर्थ दंड झाला. हिंदीत तो शिक्षणच राहिला. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठी घरात या शब्दांनी काही अडत नाही, हिंदी घरातही नाही. दोन्ही भाषा एका घरात नांदायला लागल्या की मात्र ‘हमने बहुत चेष्टा की’ यावर सासू हसते आणि सून रडते. डीएनएतही असंच होतं. एका कळपात एक जनुक, म्हणजे डीएनएचा एक कामाचा तुकडा, बदललं, तिथल्या बाकीच्या जनुकांशी त्याचं जमलं. दुसऱ्या कळपात दुसरंच बदललं, तिथेही सगळं ठीक. संकरित पिल्लात मात्र ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि त्यांचं पटत नाही. प्रजाती वेगळी व्हावी म्हणून कोणी कुंपण घालत नाही. वेगळं राहता राहता कुंपण आपोआप उगवतं.

भाषेची उपमा एका जागी मात्र तुटते. तंजावरची सून पुण्यात येऊन सहा महिन्यांत पुणेरी शिकेल. जनुकं असं नवं काही शिकत नाहीत. जन्माला येताना जे मिळालं तेवढंच.

आता साक्षीदारांकडे येऊ. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं एक उजाड बेटुकलं आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून चाळीसेक वर्षं तिथे दरवर्षी जात राहिलं. बेटावरच्या फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालायची, चोच मोजायची, कोणाचं पिल्लू कोण याची वहीत नोंद ठेवायची. गावच्या तलाठ्याने सातबारा ठेवावा तशी. १९७७ मध्ये तिथे दुष्काळ पडला. बारीक मऊ बिया संपल्या, मोठ्या टणक बिया उरल्या. मध्यम आकाराच्या भुईफिंचांपैकी बहुतेक मेले. जगले ते जास्त जाड चोचीचे. पुढच्या पिढीची चोच सरासरीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड निघाली. नैसर्गिक निवड एका हंगामात, मोजपट्टीवर दिसली.

खरी कथा १९८१ ची. त्या वर्षी बेटावर एक परका नर आला. अंगाने थोराड, आणि गाणं कोणाशीच न जुळणारं. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की तो शंभरहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरचा, दुसऱ्याच प्रजातीचा होता. त्याने स्थानिक भुईफिंच मादीशी जोडा जमवला. फिंचांमध्ये मुलगा बापाकडून गाणं शिकतो. त्यामुळे या नराचे मुलगे त्याचंच परकं गाणं गाऊ लागले, आणि बेटावरच्या इतर माद्या त्यांना भीक घालेनात. मग हे घराणं आपसांतच जोड्या जमवू लागलं. पुढे एका दुष्काळात त्यातले फक्त दोघं उरले, एक भाऊ आणि एक बहीण. त्यांच्यापासून वंश पुन्हा वाढून साधारण ३० पक्ष्यांपर्यंत गेला. बाकी फिंचांहून वेगळ्या आकाराची चोच, वेगळं गाणं, सोयरीक फक्त घरात. ग्रँट यांनी या घराण्याला ‘बिग बर्ड’ असं नाव दिलं होतं; २०१७ मध्ये डीएनएच्या पुराव्यासह हे प्रसिद्ध झालं. त्याला नवी प्रजाती म्हणायचं की नाही यावर घासाघीस होऊ शकते, तीसच पक्षी तर होते. पण फाटा फुटताना कोणी पाहिला का, असं विचारलंत तर उत्तर आहे: हो, वहीत तारखांसकट नोंद आहे.

दुसरा साक्षीदार कदाचित तुमच्या खिडकीबाहेर असेल. हिवाळ्यात महाराष्ट्रभर झाडांच्या पानांत तुरतुरणारा, चिमणीहून लहान, हिरवट रंगाचा एक वटवट्या असतो. ग्रीनिश वॉर्बलर त्याचं इंग्रजी नाव. त्याची वीण हिमालयात आणि त्याच्या उत्तरेला होते. तिबेटचं पठार त्याला राहायला नको, म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून दोन बाजूंनी वर सरकत गेली. एक फाटा पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून. प्रत्येक फाट्यावर शेजारच्या पक्ष्यांचं गाणं थोडं थोडं बदलत गेलेलं आहे. सायबेरियात दोन्ही फाटे पुन्हा भेटतात, आणि तिथे ते एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत, जोडी जमवत नाहीत. टोकं दोन प्रजातींसारखी वागतात, पण एका टोकाहून दुसऱ्याकडे हिमालयामार्गे गेलात तर ठळक रेघ मारायला जागा सापडणं कठीण. मालवणहून सावंतवाडी, तिथून पेडणं, मग मडगाव असं गावोगावी बोलत गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मालवणी कुठे संपली आणि गोव्याची कोंकणी कुठे सुरू झाली, हे कोणत्या पुलावर लिहिलंय?

हे सगळं मनात ठेवून माणसाकडे पाहू. पोक काढून चालणारा कपी डावीकडे, हळूहळू ताठ होत गेलेला गडी उजवीकडे, असं जे चित्र टी-शर्टापासून मोबाइलच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतं, त्याने या विषयाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणा मंत्र्यानेही केलं नसेल. ते शिडीचं चित्र आहे. प्रत्यक्षात झुडूप होतं.

१९७४ मध्ये इथिओपियातल्या हदारला शास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना ‘लूसी’ या आपल्या प्राचीन नातलग मादीचा सांगाडा मिळाला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. तिच्या कमरेची आणि गुडघ्याची हाडं सांगतात की ती दोन पायांवर चालायची. मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नव्हता. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेले पावलांचे ठसे तर ३६ लाख वर्षांपूर्वीचे, पाहताना समुद्रकिनाऱ्यावर आत्ताच कोणी चालून गेल्यासारखे. म्हणजे आधी पाय सुधारले, डोकं फार नंतर. हुशारीमुळे आपण ताठ उभे राहिलो, ही आपण आपलीच केलेली स्तुती आहे.

डीएनएतला पुरावा तर आणखी सरळ आहे. आपल्याला गुणसूत्रांच्या २३ जोड्या; चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना २४. एक जोडी गेली कुठे? गुणसूत्राच्या टोकांना विशिष्ट अक्षरांची टोपी असते, बुटाच्या लेसला प्लास्टिकचं टोक असतं तशी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ही टोपी मध्येच सापडते, एकमेकांना भिडलेली. शिवाय गुणसूत्राला एकच मध्यबिंदू असायला हवा, तर इथे दुसऱ्या, निकामी झालेल्या मध्यबिंदूचे अवशेषही आहेत. दोन लेसा टोकाला टोक लावून जोडल्याची गाठ आपण प्रत्येक पेशीत बाळगून आहोत.

आपण स्वतः, म्हणजे होमो सेपियन्स, किमान तीन लाख वर्षं जुने. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे अवशेष तेवढे आहेत. आणि एक लाख वर्षांपूर्वी या पृथ्वीवर माणसं एका प्रकारची नव्हती. युरोपात आणि पश्चिम आशियात निअँडरथल, आशियात डेनिसोव्हन, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फुटांची माणसं. आपण एकटे उरलो ही अगदी अलीकडची गोष्ट आहे.

आणि ती एकटं उरण्याचीही नीट गोष्ट नाही. शास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये निअँडरथलांचा डीएनए वाचला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचे तुकडे सापडले. साधारण एक ते दोन टक्के. आपली आणि निअँडरथलांची वाट पाच-सहा लाख वर्षांपूर्वी फुटली होती, तरी ५० ते ४५ हजार वर्षांपूर्वी पुन्हा सोयरीक झाली. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत तर अशा एका मुलीचं हाड मिळालं जिची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोव्हन. मायरची व्याख्या इथे लंगडी पडते. की नाही? आपल्या एक्स गुणसूत्रावर आणि वृषणांशी संबंधित जनुकांजवळ निअँडरथल डीएनए विशेष कमी आहे. संकरित मुलग्यांची जननक्षमता घटली असावी असं त्यावरून दिसतं. कुंपण उगवायला लागलं होतं, पण अजून गुडघ्याएवढंच होतं. लोक ओलांडून जात होते.

पुन्हा भाषेत सांगायचं तर फारसीची आणि मराठीची वाट कितीतरी आधी फुटलेली. मग सत्ता आल्या, व्यवहार झाले, आणि कागद, जमीन, दरवाजा, अर्ज हे शब्द असे मिसळले की ते परके आहेत हे सांगावं लागतं. फारसी बोलणारे दरबार गेले, शब्द राहिले. निअँडरथल गेले, तुकडे राहिले. तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करणारा जनुकाचा प्रकार डेनिसोव्हनांकडून आला आहे. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल तुकडा कोविडमध्ये आजार गंभीर होण्याची जोखीम वाढवतो, असं २०२० मध्ये दिसून आलं. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांकडे आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्यांकडे. हे वाचणाऱ्या दोघांपैकी एकाकडे, असं समजा.

आपल्याकडचे जुने अवशेष फार कमी. १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला एका कवटीचा भाग सापडला. सोनकियांनी तो होमो इरेक्टस या जुन्या प्रजातीत घातला. पुढे इतरांनी आपल्या अधिक जवळचा ठरवला. वाद चालू आहे. मालवणी ही मराठी की कोंकणी, यावर जितका चालतो साधारण तितकाच. दोन्हीकडे अडचण एकच: कप्पे आपण केलेत, कवटी कप्प्यात बसायची म्हणून जन्माला आली नव्हती.

या विषयावर बोललं की एक प्रश्न हमखास येतो, बहुधा शेवटच्या रांगेतून आणि थोड्या खालच्या आवाजात. वेगळं राहिल्याने प्रजाती वेगळी होते, तर मग आपल्या जाती? हजारो वर्षं रोटी-बेटी आपसांतच. प्रश्न बावळट नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला हिशोब असा: साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळत होते, अगदी वरपासून खालपर्यंत. नंतर ते मिसळणं थांबलं. म्हणजे बंदोबस्त लागून झाल्या पंच्याहत्तरच्या आसपास पिढ्या. चिंपांझी आणि बोनोबो दहा लाखांहून जास्त वर्षं वेगळे आहेत, तरी पिंजऱ्यात एकत्र ठेवल्यावर त्यांना पिल्लं झाली आहेत.

पंच्याहत्तर पिढ्यांत नवी प्रजाती होत नाही. होतं ते इतकंच की छोट्या समूहातला एखादा बिघाड समूहातच फिरत राहतो आणि दोन्हीकडून मिळाला की बाळात उघडा पडतो. आंध्र-तेलंगणातल्या एका व्यापारी समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या एका औषधाचा परिणाम काही जणांवर मिनिटांऐवजी तासन्‌तास टिकतो, कारण ते औषध विघटित करणारं विकर (एन्झाइम) त्यांच्या रक्तात जवळजवळ नसतंच.